गॅलॉडेटचे बायसन

कबड्डीत चढाईला गेलेल्या गड्याचा दम तुटला की तो बाद. तिथे आवाज हा नियमाचाच भाग आहे. अमेरिकन फुटबॉलच्या नियमांत ओरडण्याची सक्ती कुठेही नाही, तरी अख्खा खेळ आरोळ्यांवर चालतो. आक्रमणाची सूत्रं ज्याच्या हाती असतात तो क्वार्टरबॅक आकडे आणि शब्द ओरडत राहतो. ठरलेल्या आरोळीला सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो आणि त्याच क्षणी आक्रमक संघ उसळतो. कितवी आरोळी खरी, हे समोरच्या अकरा जणांना ठाऊक नसतं, म्हणून ते निमिषभर मागे पडतात. शंभर यार्डांच्या मैदानावर चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, या खटाटोपात ते निमिष फार मोलाचं असतं.

वॉशिंग्टन शहरातल्या गॅलॉडेट विद्यापीठाचा संघ ही आरोळी देत नाही, कारण ती ऐकायला कोणी नाही. हे कर्णबधिरांचं विद्यापीठ. 1864 मध्ये अब्राहम लिंकन यांच्या सहीने त्याला पदवी देण्याचा अधिकार मिळाला आणि 1883 पासून तिथे फुटबॉल खेळला जातो. संघाचं नाव बायसन. त्यांच्याविषयी लिहिताना जिद्द, अपंगत्वावर मात वगैरे शब्द आपोआप लेखणीत उतरतात. ते मला टाळायचे आहेत, कारण हा संघ मुख्यतः एका तांत्रिक प्रश्नाची उत्तरं शोधत आला आहे: अकरा माणसांना एकाच क्षणी, समोरच्याला न कळता, कसं हलवायचं?

पहिलं उत्तर 1894 चं. तेव्हाचा क्वार्टरबॅक पॉल हबर्ड पुढची चाल हाताच्या खुणांनी सांगत असे. ऐकणाऱ्यांच्या संघापुढे हे बिनधोक होतं, कारण त्यांच्या लेखी ते नुसते हातवारे. पण सामना दुसऱ्या कर्णबधिर शाळेशी असला की पंचाईत व्हायची. सगळं गुपित समोरच्यांच्या डोळ्यांसमोर उघडं. मग हबर्डने गड्यांना जवळ बोलावलं, पाठी बाहेर आणि तोंडं आत करून गोल उभं केलं आणि मधोमध खुणा केल्या. आज जगभर ज्याला हडल म्हणतात तो हाच घोळका. श्रेयाचे दावेदार आणखीही आहेत. इलिनॉय विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉब झुपके यांनी 1921 मध्ये त्याचा नियमित वापर सुरू केला, असं अनेक जण सांगतात. पण हबर्डची गोष्ट मला जास्त पटते, कारण तिच्यात घोळक्याची खरी गरज दिसते. पुढे हबर्ड कॅन्ससमधल्या कर्णबधिरांच्या शाळेत शिक्षक झाला आणि तिथेही त्याने फुटबॉल रुजवला. ज्या विद्यापीठाच्या पोरांनी 1894 मध्ये आपला प्रश्न आपण सोडवला, त्याला पहिला कर्णबधिर अध्यक्ष मिळायला मात्र 1988 उजाडलं, आणि तेही विद्यार्थ्यांनी आवार बंद पाडल्यावर.

दुसरं उत्तर म्हणजे ढोल. मैदानाच्या कडेला भलामोठा ढोल ठेवायचा आणि ठोके द्यायचे. ठोका कानाला नाही, तरी छातीला, बरगड्यांना कळतो. कितव्या ठोक्याला चेंडू निघणार हे घोळक्यात ठरलेलं असायचं. पुढे चेंडूवर नजर ठेवूनच सुटायची पद्धत रुळली. सेंटरच्या हातातला चेंडू हलला की सगळे हलले. गंमत म्हणजे लाखभर प्रेक्षकांच्या परक्या मैदानात ऐकणाऱ्या बलाढ्य संघांनाही हेच करावं लागतं. गोंगाटात क्वार्टरबॅकचा आवाज दोन हातांवर पोचत नाही, मग तेही मुक्यानेच, खुणेवर चेंडू सोडतात. त्यासाठी ते आठवडाभर वेगळा सराव करतात. गॅलॉडेटचा तो रोजचा सराव आहे.

खरी अडचण निघते ती शिट्टीची. पंचाची शिट्टी झाली की खेळ थांबला, पण धावत्या गड्याला ती ऐकू आली नाही तर तो समोरच्याला धडकतो आणि संघाला दंड बसतो. शिवाय प्रशिक्षकाला काही सांगायचं असेल तर आधी खेळाडूने त्याच्याकडे बघायला हवं. पाठमोऱ्या माणसाला हाक मारता येत नाही, ही साधी गोष्ट साठ मिनिटांच्या खेळात फार महाग पडते.

त्यामुळे 2013 चा हंगाम उठून दिसतो. विसाव्या शतकाच्या शेवटी हा संघ पार खालावला होता. 2005 मध्ये क्लब पातळीवर नऊपैकी नऊ सामने जिंकून त्याने डोकं वर काढलं आणि 2007 पासून तो पुन्हा एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या तिसऱ्या विभागात खेळू लागला. या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, दूरचित्रवाणीचे कोट्यवधी डॉलरही नाहीत. पोरं शिकता शिकता खेळतात. 2010 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले चक गोल्डस्टीन. ते ऐकणारे, खुणांची भाषा इथे येऊन शिकले. त्यांच्या संघात जन्मापासून खुणांत वाढलेली मुलं होती, तशीच ऐकणाऱ्यांच्या शाळांतून श्रवणयंत्र लावून आलेली, ही भाषा नव्याने शिकणारीही. संघाला एकत्र बांधण्याआधी एका भाषेत आणावं लागत होतं, आणि त्यात प्रशिक्षकही आले.

2013 मध्ये बायसननी दहापैकी नऊ सामने जिंकले, आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं आणि विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच एनसीएएच्या बाद फेरीत पाऊल ठेवलं. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा इथे होबार्ट कॉलेजने त्यांना 34–7 असं सहज हरवलं. एका टचडाउनवर समाधान मानून संघ परतला. 2022 मध्ये गटविजेतेपद पुन्हा आलं, आणि बाद फेरीची पहिली पायरी पुन्हा शेवटची ठरली. छोट्या कॉलेजाच्या बाबतीत हे असंच चालतं. चांगली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली की मांडामांड नव्याने.

तिसरं उत्तर हेल्मेटमध्ये आलं. एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने गॅलॉडेटबरोबर एक हेल्मेट तयार केलं. प्रशिक्षक टॅब्लेटवर चाल निवडतो आणि ती क्वार्टरबॅकच्या डोळ्यासमोरच्या छोट्या काचेवर उमटते. एनसीएएने ते एका सामन्यापुरतं वापरायची परवानगी दिली, आणि 7 ऑक्टोबर 2023 रोजी गॅलॉडेटने हिल्बर्ट कॉलेजला 34–20 असं हरवलं. कंपनीने आपली जाहिरात करून घेतली, हे उघड आहे. विजय हेल्मेटमुळे मिळाला असं मी म्हणणार नाही. एका सामन्यावरून असं काही ठरत नाही.

पुढच्या वर्षी, 2024 मध्ये, कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागालाही हेल्मेटमधून प्रशिक्षकाचा आवाज ऐकायची मुभा मिळाली. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ती 1994 पासूनच आहे. प्रेक्षक पेटले की तिथले क्वार्टरबॅक दोन्ही कानांवर हात दाबून तो आवाज पकडू पाहतात. काचेवरच्या अक्षरांना गोंगाटाची बाधा नाही. पण ती अक्षरं एकालाच दिसतात. बाकीच्या दहांना चाल सांगायला क्वार्टरबॅक अजूनही त्यांना जवळ घेतो आणि हातांनी बोलतो.