चिठ्ठी परळची, सुई तालुक्याची

सांध्यात रक्तस्राव सुरू झाला की शक्यतो दोन तासांच्या आत फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारा घटक, शिरेत गेला पाहिजे, असे जागतिक हिमोफिलिया महासंघ सांगतो. गडचिरोलीतल्या सिरोंच्याहून नागपूर गाठायला जवळजवळ अख्खा दिवस जातो. महाराष्ट्रातल्या हिमोफिलिया उपचाराची अडचण या दोन वाक्यांत आली. निदान झालेल्या मुलाचे आईवडील मात्र विचारतात ते वेगळेच : याचा मोठा डॉक्टर कुठे भेटेल? नातेवाईक, गावातले डॉक्टर, औषधवाला, सगळे मोठ्या शहरातले एखादे नाव सांगतात, आणि मग दर दुखण्याला एसटी किंवा रेल्वे पकडण्याचा क्रम सुरू होतो. तज्ज्ञ शोधलाच पाहिजे, यात वाद नाही. पण तो लागतो उपचार ठरवण्यासाठी. तो करण्यासाठी लागतो तो हाकेच्या अंतरावरचा साधा डॉक्टर. ही दोन कामे आपण एकाच माणसाच्या गळ्यात घातली आहेत आणि त्याची किंमत मुलांचे गुडघे, घोटे आणि कोपरे मोजत आहेत.

आधी आकडे पाहू. रक्त गोठवणारा आठवा घटक कमी असला तर हिमोफिलिया ‘ए’, नववा कमी असला तर ‘बी’. घटकाची पातळी एक टक्क्याच्या खाली असली की आजार तीव्र. दोष आईकडून येतो आणि भोगतात बहुधा मुलगे. मात्र सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कोणालाच तो नसतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दर लाख पुरुषांमागे सुमारे 21 रुग्ण असे प्रमाण काढले. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 5 कोटी 82 लाख पुरुष होते. म्हणजे रुग्ण बारा हजारांच्या घरात. हे प्रमाण चोख नोंदी असलेल्या श्रीमंत देशांवरून काढलेले आहे आणि आपल्याकडे कित्येक मुले निदानाआधीच दगावतात, म्हणून प्रत्यक्षात हयात असलेले कमी असतील. तरीही मेडिसिन किंवा बालरोगात एमडी करून पुढे तीन वर्षे डीएम केलेले रक्तविकारतज्ज्ञ ज्या संख्येने आणि ज्या मोजक्या शहरांत आहेत, त्यांनी या सर्वांना दर रक्तस्रावाला तपासावे हे गणित बसणारे नाही.

तज्ज्ञापर्यंतची वाट बहुतेकांच्या बाबतीत चुकीच्या दारातून जाते. लशीचे इंजेक्शन दिल्यावर मांडीला आलेली सूज, रांगत्या बाळाच्या अंगावरचे काळेनिळे डाग, दात पडल्यावर न थांबणारे रक्त यांकडे दुर्लक्ष होते, आणि गुडघा टम्म फुगला की मूल हाडांच्या डॉक्टरांकडे जाते. तिथे सुई घालून पाणी काढायचा प्रयत्न झाला तर रक्तस्राव वाढतो. कंबरेच्या आतल्या स्नायूत रक्त साठले की दुखणे हुबेहूब अपेंडिक्ससारखे वाटते, आणि अशा पोटावर शस्त्रक्रियेचा चाकू चालला तर काय होईल ते सांगायला नको. वास्तविक पहिली खूण स्वस्त आहे : रक्त गोठण्याचा वेळ मोजणाऱ्या दोन चाचण्यांपैकी एपीटीटी लांबलेला, पीटी आणि प्लेटलेट मात्र ठीक. एवढा अहवाल हाती आला की पुढची तपासणी म्हणजे फॅक्टरची पातळी मोजणे. त्यानंतर रुग्णाला गाठायचा आहे तो रुग्ण तपासणारा हिमॅटॉलॉजिस्ट. प्रयोगशाळेत स्लाइड पाहणाऱ्यालाही हिमॅटॉलॉजिस्टच म्हणतात, आणि कित्येक कुटुंबांचा एखादा महिना या घोटाळ्यात जातो. परळला केईएम रुग्णालय आणि त्याच आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था, म्हणजे एनआयआयएच, ही निदानासाठी जुनी आणि भक्कम जागा. ठाणे, नाशिक, सातारा, अमरावती अशा जिल्ह्यांच्या सरकारी रुग्णालयांतही हिमोफिलियाची डे केअर केंद्रे सुरू झाली. तिथे डीएम डॉक्टर असेलच असे नाही. पण नेहमी असे रुग्ण पाहणारा फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ हा क्वचित पाहणाऱ्या नामांकित डॉक्टरपेक्षा बरा, असे माझे मत आहे.

या मताला आधार अमेरिकेचा आहे. तिथे 1975 पासून सरकारी मदतीने हिमोफिलिया केंद्रांचे जाळे उभे राहिले. 1993 ते 1995 या काळात सुमारे 2,950 पुरुष रुग्णांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा केंद्रांत उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका इतरत्र उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळला. केंद्रांत जास्त तीव्र आजाराचे रुग्ण येत होते, हे ध्यानात घेतले तर हा फरक आणखी बोलका ठरतो. केंद्र म्हणजे डॉक्टरसोबत परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळा, आणि कुटुंबाला घरी फॅक्टर द्यायला शिकवणारी व्यवस्था. तिथे तज्ज्ञाचा सल्ला रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचत होता.

यावर डॉक्टर मंडळींचा आक्षेप येतो : इतका गुंतागुंतीचा आजार तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर कसा सोपवायचा? गुंतागुंत खरी आहे, पण ती आहे कुठे ते पाहा. आठव्या घटकाचे एक युनिट, वजनाच्या दर किलोमागे, पातळी दोन टक्क्यांनी वाढवते. वीस किलोच्या मुलाची पातळी 40 टक्क्यांवर न्यायची तर 400 युनिट. हा हिशेब कुठलाही एमबीबीएस डॉक्टर करू शकतो. अवघड आहे ते पुढचे. तीव्र हिमोफिलिया ‘ए’च्या सुमारे 30 टक्के रुग्णांत फॅक्टर निकामी करणारी प्रतिद्रव्ये, म्हणजे इन्हिबिटर, तयार होतात, मग नेहमीचा फॅक्टर लागू पडत नाही आणि बायपास औषधे द्यावी लागतात. इन्हिबिटरची चाचणी, शस्त्रक्रियेची तयारी, प्रतिबंधक उपचाराची मात्रा, ही कामे तज्ज्ञाची. ती रोजची नाहीत. रोजची गोष्ट आहे रक्तस्राव.

दुसरा आक्षेप नवा आहे. 2019 पासून भारतात एमिसिझुमॅब मिळू लागले. कातडीखाली टोचायचे, आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांनी एकदा. आता केंद्रे आणि जाळी हवीत कशाला, असे काही जण विचारतात. औषध उत्तमच आहे. पण ते फक्त ‘ए’ प्रकारासाठी, आणि रक्तस्राव टाळण्यासाठी. सुरू झालेला रक्तस्राव ते थांबवत नाही. शिवाय हे औषध घेणाऱ्याचा एपीटीटी खोटाच नॉर्मल दिसतो, आणि त्याच्यासोबत एक जुने बायपास औषध मोठ्या मात्रेत दिले गेले तेव्हा चाचण्यांमध्येच काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या. म्हणजे हे ठरवायला तज्ज्ञ अधिकच हवा, आणि तो काय देतो आहे हे गावच्या डॉक्टरला ठाऊकही हवे.

तिसरा आक्षेप सरकारी : फॅक्टर महाग, तालुक्याला ठेवला तर मुदत संपून वाया जाईल. ही भीती अगदीच खोटी नाही. पण फॅक्टर 2 ते 8 अंशांत राहतो, त्याच तापमानात आपण प्राथमिक आरोग्य केंद्रांत लशी ठेवतोच; आणि मुदत जवळ आलेल्या कुप्या जिल्ह्याला परत पाठवणे हा कारकुनी प्रश्न आहे. उलट बाजूचा हिशेब कोणी मांडत नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात नियमित प्रतिबंधक फॅक्टर मिळालेल्या 93 टक्के मुलांचे सांधे सहाव्या वर्षी एमआरआयमध्ये शाबूत होते; दुखल्यावरच फॅक्टर मिळालेल्यांत 55 टक्के. आपल्याकडे तर पुष्कळांना दुखल्यावरही वेळेत मिळत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला हे योग्यच झाले, पण अपंगत्वाचा दाखला देण्यापेक्षा वेळेवर कुपी देणे सरकारलाही स्वस्त पडेल.

म्हणून तज्ज्ञाकडे जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने परतताना एक सहीशिक्क्याचा कागद मागून घ्यावा. आजाराचा प्रकार, फॅक्टरची पातळी, इन्हिबिटर आहे की नाही, वजन, कोणत्या रक्तस्रावाला किती युनिट, अ‍ॅस्पिरिन व ब्रुफेनसारख्या गोळ्या आणि स्नायूतले इंजेक्शन वर्ज्य, तज्ज्ञाचा फोन. लेखी आदेश हाती असला की ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टरही निर्धास्तपणे सुई उचलतो. हा कागद दुखणे येण्याआधी त्याला दाखवून ठेवावा, दरवर्षी वजनाप्रमाणे बदलून घ्यावा, आणि त्यावर सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहून घ्यावे : डोक्याला मार लागला असेल तर आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन.