हायब्रिड गाडीचे इंजिन उभ्या उभ्या आपोआप सुरू का होते? 'पाऊण युनिट'चा हिशेब समजून घ्या

अमरावती/अकोला : गाडी घरासमोर उभी आहे, एसी चालू आहे, इंजिन बंद आहे. दहा-पंधरा मिनिटे जातात अन् कोणी हात न लावता इंजिन सुरू होते. थोडा वेळ चालते, पुन्हा बंद पडते. हायब्रिड गाडी नवीन घेतली की पहिल्याच उन्हाळ्यात घरात प्रश्न निघतो, 'काहून सुरू झालं हे?' मग कोणी बॅटरी खराब झाली म्हणतो, कोणी वायरिंग तपासायला सांगतो.

बहुतेक वेळा हा बिघाड नसतोच, गाडी तशीच बनवलेली असते. पण तिच्या सवयी माहीत नसतील तर गॅरेजमध्ये फुकटचा खर्च होतो, मेळघाटात रस्त्यावर अडकायची वेळ येते आणि एका बाबतीत तर जिवावरही बेतू शकते. म्हणून ही माहिती.

आधी पाहा, तुमची गाडी कोणती

'हायब्रिड' हा एकच शब्द दोन वेगळ्या प्रकारच्या गाड्यांवर लिहिलेला असतो.

पहिला प्रकार माइल्ड हायब्रिड. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ आणि अर्टिगाच्या डिझेल मॉडेलमध्ये ही पद्धत आणली. आज पेट्रोल अर्टिगा, ब्रेझा आणि ग्रँड व्हिटाराच्या 'स्मार्ट हायब्रिड' मॉडेलमध्ये ती दिसते. ही गाडी नुसत्या बॅटरीवर चालत नाही. सिग्नलला इंजिन बंद करणे, क्लच दाबला की परत सुरू करणे आणि वेग घेताना इंजिनला थोडा हातभार लावणे, एवढेच तिचे काम. 'आज सिग्नलला इंजिन बंदच झालं नाही' अशी तक्रार असेल तर घाबरू नका. इंजिन थंड असले, बॅटरी उतरलेली असली किंवा उन्हात एसीवर ताण असला तर गाडी इंजिन बंद करत नाही.

दुसरा प्रकार स्ट्राँग हायब्रिड. २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटाराची हायब्रिड मॉडेल, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटीचे हायब्रिड मॉडेल ही यातली नावे. या गाड्या काही अंतर इंजिन बंद ठेवून फक्त विजेवर धावतात. आपोआप सुरू-बंद होणारे इंजिन ही यांचीच गोष्ट. पुढची माहिती मुख्यतः हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडची आहे. इतर गाड्यांची रचना थोडी वेगळी असते, पण मूळ हिशेब तोच.

सगळा खेळ पाऊण युनिटचा

लाइट बिलातले एक युनिट सगळ्यांना माहीत आहे. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत तीस-चाळीस युनिट मावतात. हायरायडर किंवा ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिड बॅटरीत मावते ती वीज सुमारे पाऊण युनिट. त्यातलीही सगळी वापरली जात नाही. बॅटरी जास्त वर्षे टिकावी म्हणून गाडीचा कॉम्प्युटर तिला पूर्ण रिकामी होऊ देत नाही आणि काठोकाठ भरूही देत नाही. म्हणजे रोजच्या वापरात येते ती जवळपास अर्धीच.

गच्चीवरची छोटी टाकी अन् ऑटोमॅटिक मोटर डोळ्यासमोर आणा. पाणी खाली गेले की मोटर सुरू, टाकी भरली की बंद. टाकी जितकी छोटी, तितकी मोटर वारंवार सुरू होणार. हायब्रिड गाडीत इंजिन ही मोटर आणि बॅटरी ही टाकी. या गाडीला चार्जिंगची पिन नसते. बॅटरी भरते ती दोनच मार्गांनी. एक, इंजिन चालून. दोन, ब्रेक मारताना किंवा पाय उचलल्यावर चाकांच्या वेगातून.

उन्हात उभ्या गाडीत काय होते

साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये तो थेट मोठ्या बॅटरीच्या विजेवर चालतो. म्हणून इंजिन बंद असतानाही थंड हवा येत राहते.

आता आपल्याकडचे ऊन बघा. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. २०२४ च्या मे अखेरीस तर उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले होते. अशा उन्हात एसीने तासाला एक युनिट जरी ओढले, तरी वापरात असलेली वीज साधारण वीस मिनिटांत संपते. ऊन जास्त असले तर त्याही आधी. मग इंजिन सुरू होऊन बॅटरी भरते आणि बंद होते. एसी बंद करून बघा, इंजिन बराच वेळ शांत राहील.

बॅटरीला स्वतःलाही थंड हवा लागते. अनेक हायब्रिड गाड्यांत त्यासाठी मागच्या सीटजवळ किंवा डिकीकडे जाळी असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. खताची पोती, कापसाची गाठोडी, संत्र्याचे क्रेट भरताना ती जाळी झाकली गेली, तर बॅटरी तापते आणि गाडी विजेचा वापर कमी करून इंजिनच जास्त चालवते. मायलेज पडते ते अशामुळेही.

सर्वात महत्त्वाचे : बंद शेडमध्ये एसी लावून झोपू नका

आवाज नाही म्हणजे गाडी बंद, हा समज सर्वात घातक आहे. डॅशबोर्डवर 'रेडी' असे दिसत असेल तर गाडी चालू आहे आणि इंजिन कधीही सुरू होऊ शकते.

बंद शेड, गोडाऊन किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये अशी गाडी ठेवून कोणी एसीत झोपले, तर मध्येच इंजिन सुरू होते आणि धूर आत कोंडतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतल्या माणसाला काही कळतच नाही. बटनाने सुरू होणाऱ्या गाड्या घराच्या गॅरेजमध्ये चालूच राहिल्याने मृत्यू झाल्याच्या घटना अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. लग्नसराईत मंगल कार्यालयात ड्रायव्हर गाडीतच आडवे होतात, त्यांना हे आवर्जून सांगा. गाडीतून उतरताना 'रेडी' गेले की नाही हे बघायची सवय घरात सगळ्यांना लावा.

तसेच बोनेट उघडून हात घालण्यापूर्वी गाडी बटनाने बंद करा आणि चावी लांब ठेवा. शांत वाटणारे इंजिन हात आत असतानाच फिरू शकते.

बॅटरी भरलेली दिसते, तरी इंजिन चालू का?

याची कारणे बॅटरीत नसतात. सकाळी गाडी सुरू केली की इंजिन थोडा वेळ चालते, कारण इंजिन आणि सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग गरम व्हावा लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हा वेळ वाढतो. हीटर लावला तरी इंजिन चालू राहते, कारण आत येणारी गरम हवा इंजिनच्या उष्णतेवरच मिळते.

हायवेवरही तसेच. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ताशी ९०-१०० च्या वेगाने गाडी पळवली की बराच वेळ इंजिनच काम करते. याच महामार्गावर लोणी ते माना दरम्यान एका लेनचे ७५ किलोमीटर डांबरीकरण २०२२ च्या जूनमध्ये विक्रमी वेळेत झाले. अशा सरळ रस्त्यावर ब्रेक क्वचितच लागतो, मग ब्रेकमधून वीज मिळणार कुठून? उलट राजकमल चौक किंवा अकोल्याच्या टिळक रोडवरच्या गर्दीत हीच गाडी जास्त वेळ विजेवर चालते. कंपनीने सांगितलेले लिटरला २७.९७ किलोमीटरचे मायलेज हायवेवर मिळाले नाही, तर लगेच गाडीत दोष धरू नका.

चिखलदऱ्याचा घाट : उतारावर इंजिन का ओरडते?

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचावर आहे. तिथून परतवाड्याकडे येताना गाडी साधारण ७०० मीटर खाली उतरते. चार माणसांसह गाडीचे वजन १६०० किलो धरले, तर या उतारातून तीन युनिटइतकी ऊर्जा मोकळी होते. बरीचशी टायर आणि हवेच्या रोधात जाते. पण उरलेलीही पाऊण युनिटच्या बॅटरीत मावत नाही.

त्यामुळे घाटात सुरुवातीला बॅटरी भराभर भरते. भरली की गाडी जास्तीची वीज संपवण्यासाठी पेट्रोल न जाळता इंजिन नुसते फिरवते. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिनचा मोठा आवाज येतो तो याचा. ते तुमचे ब्रेक वाचवत असते.

लांब उतारावर गिअरचा दांडा 'बी'वर घ्या, ब्रेक कमी तापतात. सपाट रस्त्यावर परत 'डी'. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रल करून घाट उतरू नका. पेट्रोल तर वाचत नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर येतो.

फाटकावर न्यूट्रल नको

रेल्वे फाटकावर किंवा बाजार समितीसमोरच्या रांगेत गाडी न्यूट्रल करायची सवय जुनी आहे. हायब्रिडमध्ये न्यूट्रलला बॅटरी चार्ज होत नाही. एसी चालू असेल तर ती उतरतच जाते. जास्त वेळ थांबायचे असेल तर 'पी'वर ठेवा.

पेट्रोल संपेपर्यंत चालवू नका

'पेट्रोल संपलं तरी बॅटरीवर घरी पोहोचू' हा हिशेब चुकीचा आहे. पाऊण युनिटवर गाडी फार लांब जात नाही. शिवाय या गाडीत इंजिन फिरवण्याचे कामही हीच मोठी बॅटरी करते. ती पूर्ण उतरली तर नंतर पेट्रोल टाकूनही इंजिन सुरू होणे कठीण. सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे जाताना पंप लांब लांब आहेत आणि मोबाइलची रेंजही सगळीकडे नाही. परतवाड्यातच टाकी भरून घ्या.

गाडी सुरूच होत नाही?

हायब्रिडमध्ये साध्या गाडीसारखी १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते. कॉम्प्युटर आणि लॉक तिच्यावर चालतात. सोंगणीच्या दिवसांत गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली की ही बॅटरी उतरते आणि 'रेडी' येतच नाही. लाखोंची हायब्रिड बॅटरी गेली असे वाटते, पण दोष या छोट्या बॅटरीचा असू शकतो. गाडी उभीच असेल तर आठवड्यातून एकदा मोकळ्या जागेत अर्धा तास 'रेडी'वर ठेवा.

या बॅटरीवरून जंपर लावून ट्रॅक्टर सुरू करू नका. गाडी धक्का मारून सुरू होत नाही. पुढची चाके जमिनीवर ठेवून दोरीने ओढूही नका, चाकांसोबत आतली मोटर फिरते आणि नुकसान होते. उचलून नेणारी गाडीच बोलवा.

सर्व्हिस सेंटरला कधी जायचे?

- डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टीम तपासा असा संदेश किंवा लाल दिवा आला तर
- इंजिन चालूनही बॅटरीची पातळी वाढतच नसेल तर
- रस्ता, वेग आणि वजन तेच असताना मायलेज अचानक पडले तर
- बॅटरीच्या पंख्याचा आवाज सतत मोठा येत असेल तर

टोयोटा आणि मारुती हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यातले जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत वॉरंटी देतात. बाहेर कोणी ती खोलली तर वॉरंटीचा वाद होऊ शकतो. नारिंगी रंगाच्या वायरमध्ये जीव घेण्याइतका विजेचा दाब असतो. त्या वायरला गावातल्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका, स्वतःही लावू नका.