पन्नासचा ठोका

२०१८ च्या जानेवारीच्या मध्यावर युरोपातली घड्याळं मागे पडू लागली. मनगटावरची आणि मोबाइलमधली बरोबर चालत होती. पण ओव्हनवरची, उशाशी ठेवलेल्या गजराच्या रेडिओतली, म्हणजे भिंतीतल्या प्लगवर चालणारी असंख्य घड्याळं रोज सहा-सात सेकंद गमावत होती. मार्च उजाडला तेव्हा ती जवळजवळ सहा मिनिटं मागे होती. स्पेनपासून तुर्कस्तानपर्यंत पंचवीस देशांत, सगळीकडे सारखीच.

कारण सापडलं ते बाल्कनमध्ये. कोसोव्होत लागत होती त्यापेक्षा कमी वीज तयार होत होती आणि सर्बियाबरोबरच्या वादात ती तूट कुणीच भरून काढत नव्हतं. एकूण तूट ११ कोटी ३० लाख युनिटांची. एवढ्या मोठ्या खंडाच्या हिशेबात ती चिमूटभरच. पण त्या चिमटीने पॅरिसमधल्या कुणाच्या तरी ओव्हनचं घड्याळ चुकवलं, आणि एरवी कधीच न दिसणारी एक गोष्ट त्यामुळे दिसली: हा जवळजवळ सगळा खंड विजेच्या एकाच ठोक्यावर जगतो.

हा ठोका सेकंदाला पन्नासचा. घराघरातली वीज सेकंदात पन्नास वेळा पुढे-मागे हेलकावते आणि ती साधी घड्याळं हे हेलकावेच मोजत असतात. तीन हजार झाले की एक मिनिट. लिस्बनजवळचं जनित्र आणि वॉर्साजवळचं जनित्र, मध्ये हजारो किलोमीटर अंतर असूनही, एकमेकांशी ताल जुळवून फिरतात. विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकाचे शेकडो ढोल एका ठोक्यावर पडतात ना, तसंच. फक्त हे पथक रात्रंदिवस, वर्षानुवर्षं वाजत असतं. विजेची मागणी वाढली की चढावरच्या बैलांसारखी जनित्रांची चाल जड होते आणि ठोका किंचित उतरतो. मागणी घटली की तो चढतो. २०१८ च्या त्या आठवड्यांत सरासरी होती ४९.९९६. पन्नासात चार हजारांश कमी, आणि सहा मिनिटं हरवली.

आता या पथकात दोन नवे वादक आले आहेत, वारा आणि ऊन, आणि त्यांना वेळापत्रक माहीत नाही. युरोपच्या ऊर्जापरिवर्तनाची सगळी गोष्ट मला या एका प्रश्नात दिसते: या दोघांना सोबत घेऊन ठोका सांभाळायचा कसा?

वाऱ्याची गोष्ट डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह गावच्या एका शाळामास्तरांपासून सुरू होते. पॉल ला कूर यांनी १८९१ मध्ये तिथे पवनचक्कीवर वीज तयार केली आणि पहिल्याच फटक्यात त्यांना आजचाच प्रश्न पडला: वारा पडला तर? त्यांनी त्या विजेने पाण्याचं विघटन केलं, हायड्रोजन टाकीत साठवला आणि १८९५ पासून सात वर्षं शाळेचे दिवे त्यावर जळत ठेवले. त्यांच्याकडे शिकलेल्या योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर इथे २०० किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली. तोच घाट आज जगभर दिसतो. १९९१ मध्ये डेन्मार्कनेच विंडेबीच्या किनाऱ्यालगत जगातलं पहिलं सागरी पवनक्षेत्र उभारलं. ११ चक्क्या, सगळ्यांची मिळून क्षमता जेमतेम ५ मेगावॉट. आज उत्तर समुद्रात बसवली जाणारी सर्वांत मोठी एकटी चक्की १५ मेगावॉटची, म्हणजे एका खांबावर तीन विंडेबी. तिचं एक पातं ११५ मीटर लांब. पात्याची लांबी दुप्पट झाली की वारा झेलणारं वर्तुळ चौपट होतं, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट. म्हणून तर माणसं एवढी अवजड यंत्रं घेऊन खवळत्या समुद्रात जातात.

उन्हाची गोष्ट एका कायद्याची आहे. जर्मनीने २००० मध्ये ठरवलं की छपरावर सौर पॅनेल लावणाऱ्याची वीज ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, घ्यावीच लागेल, तीही वीस वर्षं ठरलेल्या दराने. तेव्हा पॅनेल फार महाग होती. हा भार जर्मन ग्राहकांनी आपल्या वीजबिलातून उचलला. त्या हमीवर कारखाने उभे राहिले, पुढे चीनने उत्पादन प्रचंड वाढवलं आणि पॅनेलची किंमत इतकी कोसळली की आज सोलापुरातलं घरही ते लावू शकतं. आपल्या छपरावरच्या त्या निळ्या काचेत जर्मन कुटुंबांच्या बिलाचाही वाटा आहे.

२०२४ मध्ये युरोपीय संघात तयार झालेल्या विजेत जवळजवळ निम्मी अक्षय स्रोतांची होती, आणि सौर वीज पहिल्यांदाच कोळशाच्या पुढे गेली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ब्रिटनने आपलं शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद केलं. कोळशावरची पहिली सार्वजनिक वीज १८८२ मध्ये ज्या देशाच्या राजधानीत, लंडनमध्ये, तयार झाली, त्याच देशात! अर्थात वीज ही ऊर्जेची एक बाजू. गाड्या, घरं तापवणं, भट्ट्या असं सगळं धरलं तर संघातला अक्षय वाटा साधारण चौथा हिस्साच आहे आणि २०३० चं उद्दिष्ट आहे साडेबेचाळीस टक्के. वीज तयार करणं आता तितकंसं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते तिच्यानंतरचं.

पहिली अडचण जागेची. जर्मनीत वारा उत्तरेला, मोटारींचे मोठे कारखाने दक्षिणेला बव्हेरियात आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये. मधल्या वाहिन्या अपुऱ्या. म्हणून सोसाट्याचा वारा असताना उत्तरेतल्या चक्क्या थांबवाव्या लागतात आणि त्याच वेळी दक्षिणेतलं औष्णिक केंद्र पेटवावं लागतं. याची भरपाई अब्जावधी युरोंत जाते. यावर उपाय म्हणून सुमारे ७०० किलोमीटरची ‘झ्युडलिंक’ वाहिनी ठरली. गावोगावच्या लोकांना डोक्यावर मनोरे नको होते, म्हणून ती जमिनीखालून न्यायचं ठरलं. २०२२ मध्ये व्हायचं काम २०२८ वर गेलं. पवनक्षेत्र काही वर्षांत उभं राहतं, पण शेकडो गावांचा होकार मिळवायला दशक लागतं.

दुसरी अडचण वेळेची. जर्मनांकडे हिवाळ्यातल्या एका हवामानासाठी खास शब्द आहे, ‘डुंकेलफ्लाउटे’: अंधारलेलं आभाळ आणि पडलेला वारा. १२ डिसेंबर २०२४ ला असंच झालं आणि घाऊक बाजारात संध्याकाळच्या हजार युनिटांचा भाव ९०० युरोंच्या वर गेला. त्याच वर्षी जर्मनीत ४५७ तास असेही आले, जेव्हा वीज इतकी जास्त होती की भाव शून्याखाली उतरला. वीज घेणाऱ्यालाच पैसे मिळाले. कधी कणगी रिकामी, तर कधी धान्य ठेवायला जागा नाही.

एक कणगी नॉर्वेत आहे. तिथल्या डोंगरांवर धरणंच धरणं. २०२१ मध्ये नॉर्वे आणि जर्मनी यांना जोडणारी ६२३ किलोमीटरची केबल सुरू झाली, बरीचशी समुद्रतळावरून. जर्मनीत वारा भरपूर असतो तेव्हा नॉर्वे ती स्वस्त वीज घेतो आणि आपल्या धरणाचे दरवाजे बंद ठेवतो. वारा पडला की तेच राखलेलं पाणी टर्बाइनवर सोडतो. उत्तर समुद्रावरचा वारा अशा रीतीने नॉर्वेच्या तलावात पाणी होऊन थांबतो. मला या व्यवस्थेचं नवल संपत नाही. पण दक्षिण नॉर्वेत वीज महागली की तिथली माणसं या केबलींकडे बोट दाखवतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. शेजाऱ्याशी जोडून घेतलं की त्याची टंचाईही घरात येते.

तिसरी अडचण ठोक्याची. जात्याचा वरचा दगड एकदा फिरायला लागला की हात क्षणभर सुटला तरी फिरत राहतो. जुन्या वीजकेंद्रांतली शेकडो टनांची फिरती चाकं ग्रिडला असाच क्षणभराचा आधार देत आली. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. त्याचा इन्व्हर्टर इतरांचा ठोका ऐकून वाजवतो. शिवाय ठोक्याइतकाच व्होल्टेजही, म्हणजे विजेचा दाबही, सांभाळावा लागतो. २८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगालमध्ये व्होल्टेज वाढत गेला, त्याने एकामागून एक प्रकल्प ग्रिडमधून सुटले आणि काही सेकंदांत दोन्ही देश अंधारात गेले. लोकांनी लगेच उन्हाला दोषी धरलं. तपासात चित्र वेगळं दिसलं: काही पारंपरिक केंद्रांनी व्होल्टेज हवा तितका सावरला नव्हता, आणि सौर प्रकल्पांनी तो स्वतःहून सावरावा अशी नियमांतच तरतूद नव्हती. नवा वादक पथकात घेतला होता, पण त्याला ताल धरायला शिकवलंच नव्हतं. ते शिकवता येतं. स्वतः ठोका देणारे इन्व्हर्टर आता येत आहेत. बाल्टिक देशांनी तर इंधन न जाळता केवळ आधारासाठी फिरणारी अवजड यंत्रं बसवली आणि रशियाच्या ग्रिडमधून सुटून ९ फेब्रुवारी २०२५ ला युरोपच्या ठोक्यात पाऊल टाकलं.

त्याआधी युक्रेनने हेच केलं होतं. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे तीन दिवसांच्या ठरलेल्या चाचणीसाठी युक्रेनने रशियाच्या ग्रिडशी नातं तोडलं आणि काही तासांत आक्रमण सुरू झालं. परतीची वाट उरली नाही. १६ मार्चला युरोपने त्याला आपल्यात जोडून घेतलं. कित्येक महिन्यांचं काम तीन आठवड्यांत झालं. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण भारत बाकीच्या देशाशी जोडला गेला आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एक ठोका झाला. तोही पन्नासचाच. म्हणून युरोपची ही परीक्षा मला परकी वाटत नाही.

२०१८ मध्ये हरवलेल्या त्या सहा मिनिटांचं काय झालं? वाटाघाटी झाल्या, तूट थांबली. मग ग्रिड चालवणाऱ्यांनी काही आठवडे सगळ्या खंडाचा ठोका जाणूनबुजून पन्नासच्या किंचित वर ठेवला. एप्रिलच्या सुरुवातीला, कुणीही हात न लावता, पंचवीस देशांतली ओव्हनवरची घड्याळं पुन्हा बरोबर वेळ दाखवू लागली.