एक वही, दोन नावं

बर्लिनला पक्षिशास्त्राचे धडे घेऊन सालिम अली १९३० मध्ये मुंबईला परतले, तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झाली होती. नोकरी गेली, विद्यापीठाची पदवी पदरी नव्हतीच. नवरा-बायकोनं मुंबई सोडली आणि अलिबागजवळ किहीमला मुक्काम हलवला. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. नोकरी टिकली असती, तर ती बघत बसायला एवढी सवड कुठून मिळाली असती?

किहीमच्या त्या निरीक्षणांतून जे हाती लागलं ते पक्षिशास्त्रात नवं होतं. घरटं नर विणतो आणि ते अर्धवट असतानाच माद्या येऊन पारखतात. एखादीला पसंत पडलं, तरच पुढचं काम पुरं होतं. तिचा संसार मार्गी लागला की नर शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलेल्या या अभ्यासानं सालिम अलींचं नाव झालं.

आणि त्यांच्या पत्नी तेहमिना? इंग्लंडमध्ये शिकलेल्या, वाङ्मयाची जाण असलेल्या या बाईंनी हैदराबाद संस्थानाच्या पक्षी-पाहणीत नवऱ्याबरोबर तंबूतले दिवस काढले. नवऱ्याच्या इंग्रजी लिखाणाला वळण लावण्यातही तेहमिनांचा वाटा होता, हे सालिम अलींनीच आत्मचरित्रात मोकळेपणानं सांगितलं आहे. पाहणीच्या अहवालावर मात्र दुसरं नाव आहे ते ह्यू व्हिसलर यांचं. ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि इकडून गेलेले नमुने तपासून टिपणं लिहीत होते. त्यांचं काम खरंच मोलाचं होतं. पण छावणीतल्या माणसाला मुखपृष्ठावर जागा नाही, ही त्या काळची रीत. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं १९४१ मध्ये.

पुढे त्याच गोतावळ्यात चित्र थोडं पालटलेलं दिसतं. झफर फतेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी एक साधं, सायक्लोस्टाइल केलेलं वार्तापत्र काढलं आणि देशभरातल्या हौशी मंडळींची टिपणं एकत्र आणली. त्यांच्या पत्नी लईक सालिम अलींच्या नात्यातल्याच. ‘कॉमन बर्ड्स’ या नॅशनल बुक ट्रस्टच्या पुस्तकावर सालिम अलींच्या जोडीला लईक यांचं नाव लेखिका म्हणून छापलं आहे.

जोडीनं रान बघण्याचं याहून थेट उदाहरण अलास्कात सापडतं. ओलॉस आणि मार्गारेट म्युरी यांचं लग्न १९२४ मध्ये झालं आणि मधुचंद्र म्हणजे कॅरिबू हरणांच्या मागावर कुत्र्यांच्या घसरगाडीतून केलेली भटकंती. दोन वर्षांनी ओल्ड क्रो नदीवर बदकं-हंसांच्या पायांत कडी अडकवायला निघाले, तेव्हा तान्हं मूलही होडीत होतं. डासांचे थवेच्या थवे अंगावर येत असताना! आपल्याकडे एवढ्याशा मुलाला घेऊन माथेरानला निघालं तरी घरातून दहा सूचना येतात.

नवरा जीवशास्त्रज्ञ आणि बायको सोबतीण, एवढ्यावर म्युरींची गोष्ट संपत नाही. १९५६ मध्ये दोघं शीनजेक नदीच्या खोऱ्यात राहून आले. त्या मोहिमेतून उभ्या राहिलेल्या आग्रहाला १९६० मध्ये फळ आलं आणि ईशान्य अलास्काचा तो मुलूख राखीव झाला. ओलॉस १९६३ मध्ये वारले. त्यानंतरची चार दशकं मार्गारेट एकट्या रानांसाठी बोलत राहिल्या. ‘टू इन द फार नॉर्थ’ हे पुस्तक त्यांचं, आणि १९९८ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मानही त्यांनाच मिळाला. २००३ मध्ये गेल्या तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती.

रूथ मिलर आणि ॲलन डेव्हिस या ब्रिटिश जोडप्याचं वेड निराळं. घर विकून २००८ हे अख्खं वर्ष त्यांनी जगभर पक्षी बघण्यात घालवलं आणि ४,३४१ जाती नोंदवल्या. तोवरचा विक्रम ३,६६२ जातींचा होता. २०१५ मध्ये नोआ स्ट्रायकर यांनी एकट्यानं ६,०४२ जाती पाहून तो आकडा कितीतरी मागे टाकला. विक्रमांचं असंच असतं. घर विकायचा निर्णय दोघांनी मिळून घेतला, हे जास्त लक्षात राहतं.

महाराष्ट्रात घर विकायची गरज नाही. पुण्याहून पहाटे निघालेलं जोडपं सकाळी भिगवणला पोचतं. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित येतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस येतात, आणि होडी वल्हवणारा मच्छीमारच वाटाड्या असतो. कुठला पक्षी कुठल्या बेटाशी बसतो, हे त्याला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त माहीत. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा तिथे हमखास दिसतात. मुंबईकरांना तर ठाण्याची खाडी दारातच आहे. २०१५ मध्ये ती रोहितांचं अभयारण्य झाली, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली.

ताडोब्याच्या जिप्सीत बसलेल्या जोडप्यांकडे पाहिलं की कामाची वाटणी लगेच कळते. एकाचा डोळा कॅमेऱ्याच्या लांबलचक लेन्सला चिकटलेला असतो, तर दुसऱ्याचे कान वानराच्या खेकसण्याकडे आणि चितळाच्या कॉलकडे. वाघ बहुतेक वेळा कानवाल्यालाच आधी कळतो. फोटोखाली नाव मात्र लेन्सवाल्याचं! ही तक्रार नाही, पण अनेक घरांतल्या भिंती बघून आलेली शंका जरूर आहे.

नोंदींच्या बाबतीत तरी आता ही अडचण उरलेली नाही. कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेनं ऑडुबॉन संस्थेबरोबर २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर एकानं भरलेली यादी सोबत्याला पाठवता येते. त्यानं ती स्वीकारली की दोघांच्याही खात्यावर चढते. एखादा पक्षी एकालाच दिसला असेल, तर दुसरा तो आपल्या यादीतून काढून टाकू शकतो. संध्याकाळी चहा घेताना ‘तो शिक्राच होता’, ‘छे, कापशी होती’ असा वाद रंगतो तो इथेच. आणि तो मिटेपर्यंत दोन याद्यांमध्ये एका पक्ष्याचा फरक राहतो.

जोडीनं करता येण्यासारखं आणखीही बरंच आहे. फेब्रुवारीत घराभोवतीचे पक्षी मोजण्याचा जागतिक उपक्रम असतो. त्यासाठी पंधरा मिनिटं आणि एक गॅलरी पुरते. त्याच सुमाराला कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडू लागतात. राहायला गावातलीच घरं मिळतात, आणि घरट्यावरची टोपली उचलून पिल्लं वाळूवर सोडण्याच्या वेळा सकाळी आणि संध्याकाळी असतात. पावसाळ्यात ताडोब्याचा गाभा बंद झाला की टॉर्च घेऊन आंबोली गाठायची. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर मलबारी उडत्या बेडकाची फेसाची घरटी तेव्हाच दिसतात.