एकाच घरात दोन कागद

हेडमास्तरकी संपली आणि मी घरी बसलो. वेळ पुष्कळ होता. बाजारातून आसनांचे एक पुस्तक आणले. त्यातली चित्रे पाहून मी सर्वांगासन करू लागलो. सर्वांगासन म्हणजे उताणे निजायचे, पाय आणि कंबर वर उचलायची आणि सारा भार खांद्यांवर घ्यायचा.

चौथ्या दिवशी पाय खाली आणले, तो डोळ्यांपुढे अंधारी आली. घरात एकच धांदल उडाली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला. आपण ज्याला बीपी म्हणतो तोच हा. वरचा आकडा १७०, खालचा १००! मला बीपी आहे हे तोवर मला ठाऊकच नव्हते. रक्तदाब वाढलेला असताना डोके खाली आणि पाय वर केले, तर डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांवर जास्त ताण येतो. पुस्तकात शेवटी बारीक अक्षरांत ही सूचना छापलेली होती. पस्तीस वर्षे मी मुलांना "नीट वाचा, पुरते वाचा" म्हणून सांगत आलो, आणि स्वतः मात्र नुसती चित्रे पाहिली.

आसन वाईट नव्हते. ते माझ्यासाठी नव्हते, एवढेच.

तुमच्यापैकी पुष्कळांची शेती आहे. काळ्या जमिनीतल्या द्राक्षबागेला जेवढे पाणी देता, तेवढेच मुरमाड जमिनीतल्या बागेला देता का? नाही. काळी जमीन पाणी धरून ठेवते, मुरमातून ते निघून जाते. विहीर तीच, पाणीही तेच. पण आधी जमीन पाहावी लागते. माणसाचेही तसेच आहे. माणूस पाहून त्याला योग ठरवून द्यायचा, याला योगोपचार म्हणतात.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. ब्रह्मगिरीवर त्यांना गहिनीनाथ भेटले, अशी परंपरा सांगते. गुरूने शिष्याला समोर बसवून शिकवायचे, ही नाथपंथाची रीत. हल्ली, म्हणजे २०१५ पासून, २१ जूनला योग दिवस असतो. मैदानावर शेकडो माणसे एकदम हात वर करतात. धडधाकट माणसाला ते ठीक आहे. पण दुखणेकऱ्याला एकट्याला तपासूनच शिकवले पाहिजे.

हे काम महाराष्ट्रात मोठ्या माणसांनी केले. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले. आसन करताना पोटात काय होते, हे त्यांनी क्ष-किरणांचे फोटो काढून पाहिले. पुण्याला बी. के. एस. अय्यंगार होते. लहानपणी ते स्वतः फार आजारी असत. ज्यांना वाकता येत नाही त्यांना त्यांनी खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे, उशा यांचा आधार देऊन आसने शिकवली. आणि आपल्या नाशकात विश्वास मंडलिक यांनी १९७८ साली योग विद्या धाम ही संस्था सुरू केली. २०१८ साली त्यांना योगकार्यासाठी पंतप्रधानांच्या नावाचा पुरस्कार मिळाला.

आता माझे पुढे ऐका. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. मग त्यांना विचारूनच मी नाशकात एका योगशिक्षकांकडे गेलो. मला वाटले, लगेच सतरंजी टाकतील. पण त्यांनी अर्धा तास नुसते प्रश्नच विचारले.

"गुरुजी, झोप किती तास लागते? जेवणात वरून मीठ घेता का? पापड, लोणचे किती? तंबाखू? कोणत्या गोळ्या चालू आहेत? घरात काही काळजी?"

शेवटच्या प्रश्नाला मी गप्प बसलो. धाकट्या मुलाची नोकरी सुटली होती. रात्र रात्र मला झोप नव्हती. हे मी डॉक्टरांनाही सांगितले नव्हते.

शिक्षक म्हणाले, "मग नुसत्या हातपायांकडे पाहून काय उपयोग? आपण आधी झोप पाहू."

त्यांनी मला सोपे दिले. उताणे पडून शवासन. श्वास सावकाश घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. कोंडून धरायचा नाही. तुम्हीही मनगटावर बोटे ठेवून पाहा. श्वास हळू सोडताना नाडी थोडी मंद होते. श्वास शांत झाला की छातीची धडधड उतरते, अंगही सैल पडते. रात्री निजताना मी तेच करतो. वरचे मीठ बंद केले. पापड मात्र अजून पुरता सुटलेला नाही, हे कबूल करतो.

पुढच्या खेपेला आमच्या सौ. बरोबर आल्या. त्यांचे गुडघे दुखतात. मला वाटले, दोघे मिळून एकच करू. पण त्यांना निराळा कागद मिळाला. मांडी घालायची नाही, वज्रासनात बसायचे नाही. खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करायचा आणि धरून ठेवायचा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

तिथेच कांदा लावणाऱ्या एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, "दिवसभर राबतो आम्ही, आम्हाला कशाला व्यायाम?" शिक्षक म्हणाले, "ताई, तुम्ही दिवसभर पुढेच वाकता. पाठ मागे कधी जाते?" त्यांना पालथे निजून छाती हळूच उचलायला शिकवले. हे भुजंगासन. पण आधी विचारले, दिवस गेलेत का, अंतर्गळ आहे का, पोटाचे ऑपरेशन झाले आहे का. तसे असते तर हेही दिले नसते.

सर्वांना त्यांनी एक गोष्ट मात्र सारखीच सांगितली. साखरेची किंवा बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. कमी करायची की नाही, ते डॉक्टर तपासून ठरवतील. जेवल्यावर तीन-चार तास आसने नकोत. दुखले, चक्कर आली, तर तिथेच थांबायचे.

माझी गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात बीपी १३८ आणि ८६ भरले. आमच्या भिंतीवर दोन कागद चिकटवले आहेत, एक माझा, एक सौ.चा. नातू परवा माझा कागद पाहून पाय वर करू लागला, तेव्हा सौ. म्हणाल्या, "अरे, तो आजोबांचा आहे, आणि त्यात पाय वर करायचे नाहीत असेच लिहिले आहे. वाच की!"