हात कुठून येणार?

अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. जुन्या सामन्यांची चित्रणं बघता बघता मी अँड्र्यू बेकविथच्या उजव्या हातापाशी अडकलो.

त्याचं कॉलेज म्हणजे साउथ कॅरोलायनातल्या कॉनवेची कोस्टल कॅरोलायना युनिव्हर्सिटी. गॅरी गिलमोर इथलेच माजी खेळाडू, 1996पासून इथले कोच. इतक्या वर्षांत संघ ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत एकदाही पोचला नव्हता. 2016मध्ये लुइझियाना स्टेटसारख्या मातब्बरांना त्यांच्याच मैदानावर हरवून तो पोचला.

तिथे पहिलीच गाठ अग्रमानांकित फ्लोरिडाशी. तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या बेकविथनं पूर्ण सामना एकट्यानं पिचिंग केलं. कोस्टल 2-1नं जिंकलं. त्याचा हात कधी खांद्यावरून येतो, कधी आडवा. क्रिकेटमध्ये मलिंगाच्या आडव्या हातानं भल्याभल्यांची तारांबळ उडायची, पण तो हात निदान एकाच वाटेनं यायचा. बेकविथचा चेंडू सुटायची जागाच बदलते. बॅटरची नजर बसते न बसते, तोच चेंडू दुसरीकडून येतो आणि बॅट उशिरा फिरते. पाच दिवसांनी टेक्सस ख्रिश्चनविरुद्धही त्यानं पूर्ण सामना काढला, 4-1. मला तर त्याच्या हातापेक्षा त्याच्या दमाचंच जास्त नवल वाटतं.

30 जूनला अंतिम फेरीतल्या ॲरिझोनाविरुद्धच्या निर्णायक सामन्यातही सुरुवात त्याचीच. सहाव्या इनिंगमध्ये ॲरिझोनाचं क्षेत्ररक्षण चुकलं, जी. के. यंगनं होमरन मारला आणि 4-0 झालं. नवव्यात 4-3, दोन बाद, बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर, विजयाची दुसऱ्या. ॲलेक्स कनिंगहॅमनं शेवटच्या बॅटरला स्ट्राइकआउट केलं. सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला बेकविथ.

गिलमोर 2024ला निवृत्त झाले. त्यांचे शिष्य केव्हिन श्नॉल यांच्या संघानं 2025मध्ये सलग 26 सामने जिंकले आणि अंतिम फेरीही गाठली. तरी मला काळजी वाटते. पूर्वी अकरा-बारा शिष्यवृत्त्या सत्तावीस पोरांत वाटाव्या लागत. मोठ्या कॉलेजांनाही तोच नियम. 2021पासून खेळाडू एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलू शकतो, स्वतःच्या नावावर पैसे कमावू शकतो. 2025पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. शिष्यवृत्त्याही संघातल्या चौतीसच्या चौतीस जणांना देता येतात. पैसा ज्याच्याकडे, तो देणार. पोरांना पैसे मिळावेत, हे मला मनापासून पटतं. त्यांच्याच घामावर मैदानं भरतात. पण असा हात घडायला दोन-तीन वर्षं लागतात, तीही एकाच कोचच्या नजरेखाली. आता पहिल्या वर्षी चमकलेल्या पोराला दुसऱ्याच वर्षी मोठ्या कॉलेजचं बोलावणं येतं, आणि त्याला थांबवून धरण्याइतका पैसा कॉनवेनं दरवर्षी कुठून उभा करायचा?