पेटीचा गंधार, तंबोऱ्याचा गंधार

ठाकूरद्वारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ऑपेरा हाऊसजवळ, बी. आर. देवधरांचं ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’. स्थापना १९२५ची. देवधर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. शिवाय त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला. कुमार गंधर्व त्यांच्याच तालमीत वाढले. गाणं आणि गाण्याचं शास्त्र एकाच छपराखाली शिकवणारी माणसं मला फार मोलाची वाटतात, कारण शास्त्र कळलं की शिकणाऱ्याचा बुजरेपणा जातो.

गंधाराचंच बघा. तंबोऱ्याची तार सबंध कंप पावते, तशीच तिच्या अर्ध्यात, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्शातही. पाचव्या हिश्शातून उमटतो तो स्वयंभू गंधार. कोणी न छेडता तो ऐकू येतो! षड्ज २४० हर्ट्झ धरला, तर त्या हिशेबाने मध्य सप्तकातला गंधार ३०० हर्ट्झवर येतो. पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, कुठल्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून. तिथे तोच गंधार साधारण ३०२.४ हर्ट्झवर, म्हणजे किंचित चढा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोनाहून जास्त आंदोलनं जाणवतात.

पेटीवर रियाझ करणाऱ्या अनेकांना तंबोऱ्यावर आपला गंधार हलल्यासारखा वाटतो आणि ते गळ्यालाच दोष देतात. तसं करू नका. पेटी बाजूला ठेवा, तंबोरा नीट जुळवा, डोळे मिटून गंधारावर थांबा. आंदोलनं विरली की तुमचा स्वर लागलेला आहे.